वापरलेला कार्बन किरणांनी कसा स्वच्छ करावा: गॅमा चेंबरपासून इलेक्ट्रॉन बीमपर्यंत

वापरलेल्या अॅक्टिव्हेटेड कार्बनवर किरण सोडले की त्यात अडकलेली घाण जळून जाते, असा समज घेऊन बरेच जण या कामाला हात घालतात. प्रत्यक्षात किरण कार्बनला फारसे काही करत नाहीत आणि प्रदूषकालाही थेट क्वचितच गाठतात. ते फोडतात पाणी. पाणी फुटून जे अतिक्रियाशील तुकडे तयार होतात, ते प्रदूषकाचा रेणू मोडतात. म्हणून प्रयोग फसला तर डोस वाढवण्याआधी पाण्याकडे पाहावे: किती आहे, पीएच किती, त्यात ऑक्सिजन आणि क्षार किती. कोरड्या कार्बनवर शंभर किलोग्रे (किरणांच्या डोसचे एकक; एक किलोग्रे म्हणजे किलोमागे एक किलोजूल ऊर्जा) टाकले तरी हाती गरम कार्बनच येतो.

इथे दोन पातळ्यांवरचे काम सांगितले आहे. आधी प्रयोगशाळेत कोबाल्ट-६० च्या गॅमा चेंबरमध्ये काही ग्रॅम कार्बनवर चाचणी, आणि ती जमली तर इलेक्ट्रॉन बीमखाली किलो आणि टनांचा हिशेब. उदाहरणासाठी नारळाच्या करवंटीचा दाणेदार कार्बन आणि ४-क्लोरोफिनॉल घेतले आहे. क्लोरीन असलेला रेणू निवडण्यामागे कारण आहे, ते मोजमापाच्या भागात कळेल.

कुठला कार्बन या वाटेला न्यावा

पारा, आर्सेनिक, क्रोमियम असे धातू किरणांनी नष्ट होत नाहीत. फार तर त्यांचे रूप बदलते. किरणोत्सर्गी आयोडीन किंवा रेडॉन अडकलेल्या कार्बनलाही याचा काही उपयोग नाही, किरणोत्सर्ग किरणांनी मरत नाही. उलट भीतीही निराधार आहे: कोबाल्टच्या गॅमा किरणांनी किंवा १० एमइव्हीपर्यंतच्या (एमइव्ही हे इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचे एकक) इलेक्ट्रॉन बीमने कार्बन स्वतः किरणोत्सर्गी होत नाही. बेंझिन-टोल्युइनसारखे उडून जाणारे द्रावक असतील तर वाफ सोडून काढणे कितीतरी स्वस्त पडते. फक्त जिवाणू-बुरशीचा प्रश्न असेल तर काम सोपे आहे. अहमदाबादेत २०१९ पासून सांडपाण्याचा सुकवलेला गाळ कोबाल्ट-६० ने निर्जंतुक करणारा, दिवसाला १०० टन क्षमतेचा प्रकल्प आहे. जिवाणूंसाठी लागणारा डोस रेणू मोडायला लागणाऱ्या डोसच्या मानाने किरकोळ असतो.

उरतात फिनॉल, क्लोरोफिनॉल, रंग, कीटकनाशके आणि औषधांचे अंश. त्यातही एक गाळणी आधी लावावी लागते, ती म्हणजे कार्बनवर माल, म्हणजे प्रदूषक, किती बसला आहे.

हा हिशेब कागदावर पाच मिनिटांत होतो, तरी बहुतेक प्रस्तावांत तो नसतो. साध्या पाण्यात प्रत्येक जूल ऊर्जेमागे साधारण ०.२८ मायक्रोमोल हायड्रॉक्सिल रॅडिकल, तितकेच जलयोजित इलेक्ट्रॉन आणि ०.०६ मायक्रोमोल हायड्रोजन अणू मिळतात; हेच ते अतिक्रियाशील तुकडे. समजा एक किलो कोरड्या कार्बनवर दर ग्रॅमला १ मिलिग्रॅम ४-क्लोरोफिनॉल बसले आहे, म्हणजे एकूण १ ग्रॅम, म्हणजे ७.८ मिलिमोल. सोबत एक किलो पाणी आहे. प्रत्येक हायड्रॉक्सिल रॅडिकल नेमका एका रेणूवर जाऊन आदळला, एकही वाया गेला नाही, असे धरले तरी २८ किलोग्रे लागतात. तोच भार दर ग्रॅमला १०० मिलिग्रॅम असेल, आणि औषध कारखान्यातून येणाऱ्या कार्बनवर तो असू शकतो, तर आकडा २,८०० किलोग्रेवर जातो. एवढा डोस देणे व्यवहारात बसत नाही.

थोडक्यात, तुडुंब भरलेला कार्बन भट्टीकडे पाठवावा. थोडा भार पण घातक माल, उदाहरणार्थ पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरमधला कीटकनाशकांचा किंवा प्रतिजैविकांचा अंश असलेला कार्बन, असेल तरच किरणांचा विचार करावा.

साहित्य

- करवंटीचा दाणेदार कार्बन, १२ × ४० मेश, आणि ज्याची विल्हेवाट लावायची तो खरा वापरलेला कार्बनही. नुसत्या मॉडेल नमुन्यावर थांबू नये.
- डिमिनरलाइज्ड पाणी. बोअरचे पाणी अजिबात नको.
- ४-क्लोरोफिनॉल, हातमोजे आणि फ्यूम हूड सक्तीचे, कारण ते कातडीतून शरीरात जाते.
- सोडियम हायड्रॉक्साइड (कॉस्टिक), नायट्रोजन सिलिंडर, बारीक बुडबुड्यांचा डिफ्यूजर, विरघळलेल्या ऑक्सिजनचा मीटर.
- बोरोसिलिकेट काचेच्या बाटल्या. किरणांनी काच तपकिरी होते, पण चालते.
- एचपीएलसी (द्रवातले रेणू वेगळे करून मोजणारे यंत्र), आयन क्रोमॅटोग्राफ (क्लोराइडसारखे आयन मोजायला), सॉक्सलेट (द्रावकाने अर्क काढायचे साधन), आयोडीन नंबरचे (कार्बनची शोषणक्षमता मोजण्याचे) साहित्य.

बाटलीच्या झाकणाकडे विशेष लक्ष द्यावे. टेफ्लॉनचे अस्तर किंवा टेफ्लॉनची रिंग असेल तर ती आधी बदलावी. एरवी कुठल्याही रसायनाला दाद न देणारे टेफ्लॉन किरणांपुढे फार लवकर हार मानते. काही किलोग्रेतच ठिसूळ होते आणि फ्लोराइड सोडते. पीफास (फ्लोरीनयुक्त, सहसा न मोडणारी रसायने) तोडण्याची चाचणी करताना फ्लोराइड मोजून कुणी आनंदून गेला असेल, तर त्याने आधी बाटलीचे झाकण तपासावे. पॉलिप्रोपिलीनही पन्नासेक किलोग्रेनंतर पिवळे पडून तडकते. पॉलिएथिलीन त्याहून बरे टिकते.

आधी डोस-दर मोजा

भारतीय विद्यापीठांत जिथे गॅमा चेंबर आहे तिथे ते बहुधा ब्रिटचे (किरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाचे) असते. जीसी-५००० या मॉडेलची नमुना ठेवण्याची जागा ५ लिटरची असते आणि पूर्ण स्रोत भरलेला असताना दर तासाला साधारण ९ किलोग्रे मिळतात. मात्र कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५.२७ वर्षे आहे, त्यामुळे दर वर्षी डोस-दर आदल्या वर्षाच्या ०.८७७ पट होतो. चेंबरच्या भिंतीवर चिकटवलेला प्रमाणपत्रातला आकडा तसाच वापरला तर पाच वर्षांनी नमुन्याला निम्माच डोस मिळतो आणि दोष कार्बनला दिला जातो.

दर तपासायला फ्रिक द्रावण (किरणांनी ज्याचे प्रकाशशोषण वाढते असे लोहक्षाराचे द्रावण) पुरेसे आहे. एक लिटर शुद्ध पाण्यात ०.३९२ ग्रॅम फेरस अमोनियम सल्फेट, ०.०५८ ग्रॅम मीठ आणि २२ मिली संहत सल्फ्युरिक आम्ल. आम्ल पाण्यात हळूहळू सोडावे, उलटे नव्हे. हे द्रावण ४० ते ४०० ग्रे या पट्ट्यातच विश्वासार्ह आहे, म्हणून नमुने १, २, ३ आणि ४ मिनिटे ठेवावेत. ३०४ नॅनोमीटरवर, १ सेंमी क्युव्हेटमध्ये, २५ अंशांना प्रकाशशोषणात जो फरक येईल त्याला २७८ ने गुणले की ग्रे मिळतात. मिनिटाला ०.३० ची वाढ दिसली तर दर ८३ ग्रे प्रतिमिनिट, म्हणजे तासाला ५ किलोग्रे.

चारही बिंदू आलेखावर मांडून रेघ ओढावी. ती शून्यातून जात नाही. थोडी वर छेदते. चेंबरचा ड्रॉवर खाली जाताना आणि वर येताना मिळणारा तो डोस आहे. २० तासांच्या चाचणीत त्याला किंमत नाही, पण एका मिनिटाच्या वाचनात तो मोठी चूक घालतो. एकच वाचन घेऊन दर काढणाऱ्यांचा दर म्हणूनच नेहमी जास्त येतो.

प्रत्यक्ष नमुन्याच्या किलोग्रेतल्या डोसला फ्रिक चालत नाही. तिथे सेरिक-सेरस किंवा अॅलनिन डोसमापक लावावेत. पाच लिटरची जागा पूर्ण भरणार असाल तर वर, मध्ये, खाली, काठाला आणि केंद्रात मापक ठेवून सर्वांत कमी डोस कुठे मिळतो ते शोधावे. निकाल सांगताना त्या कमीत कमी जागेचा डोस धरावा.

नमुना तयार करणे

कार्बन डिमिनरलाइज्ड पाण्याने काळे पाणी येणे थांबेपर्यंत धुवावा. बारीक भुकटी राहिली तर पुढे गाळणी तुंबते, शिवाय दाण्यापेक्षा भुकटीतून प्रदूषक लवकर बाहेर येत असल्याने निकाल उगाच चांगला दिसतो. मग १५० अंशांना ३ तास वाळवून डेसिकेटरमध्ये थंड करावा.

१० ग्रॅम कोरड्या कार्बनवर १०० मिलिग्रॅम प्रतिलिटर ४-क्लोरोफिनॉलचे १०० मिली द्रावण घालून २४ तास शेकरवर ठेवावे. वरच्या पाण्यात किती उरले ते मोजून बसलेला माल काढावा; तो दर ग्रॅमला १ मिलिग्रॅमच्या आसपास यायला हवा. पाणी निथळून कार्बनच्या वजनाइतके ताजे पाणी घालावे. याहून जास्त पाणी घातले तर काय, हा प्रश्न रास्त आहे. तीनपट पाणी घेतले की कार्बनमध्ये वाया जाणारी ऊर्जा कमी होते आणि कागदावर हिशेब सुधारतो. पण हायड्रॉक्सिल रॅडिकलचे आयुष्य मायक्रोसेकंदांचे. दाण्यापासून लांब पाण्यात जन्मलेला रॅडिकल दाण्यापर्यंत पोचतच नाही; वाटेत दुसऱ्या रॅडिकलला भेटून संपतो. वजनास वजन ते दुप्पट पाणी, या पट्ट्यात राहणे शहाणपणाचे.

आता पीएच. ४-क्लोरोफिनॉलचा पीकेए ९.४ आहे. पीएच त्याच्या वर नेला की रेणूवर ऋण भार येतो, कार्बनची पकड सैल होते आणि माल छिद्रांतून पाण्यात उतरतो. किरणांची खरी मदत तिथेच होते. दोन नॅनोमीटरहून अरुंद छिद्रात बसलेला रेणू सुरक्षित असतो. त्याला आधी बाहेर यावे लागते. म्हणून सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ११ च्या आसपास आणावा. ११.५ च्या वर मात्र नको, कारण १२ च्या सुमारास हायड्रॉक्सिल रॅडिकलचे रूपच बदलते आणि त्याची क्रियाशक्ती वेगळी होते. कार्बनच्या पृष्ठावरचे आम्लगट अल्कली गिळतात, त्यामुळे सकाळी ११ केलेला पीएच दुसऱ्या दिवशी १० वर आलेला आढळतो. किरणांत ठेवण्याच्या अगोदर पुन्हा तपासावा. उघड्यावर पडून हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढलेला कॉस्टिक वापरू नये. त्यातला कार्बोनेट रॅडिकल खातो. बोअरच्या पाण्याला मनाई त्याचसाठी आहे: त्यात बायकार्बोनेट असते, नायट्रेट असले तर ते जलयोजित इलेक्ट्रॉन पळवते.

क्लोरीन तोडण्याचे काम मुख्यतः जलयोजित इलेक्ट्रॉन करतो आणि ऑक्सिजन त्याचा हावरट गिऱ्हाईक आहे. इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला चिकटला की सुपरऑक्साइड बनतो, तो इथे बराच निरुपयोगी. साध्या पाण्यातून नायट्रोजन अर्धा तास सोडला की ऑक्सिजन निघतो, पण कार्बन स्वतः भरपूर ऑक्सिजन धरून ठेवतो आणि तासाभराने तो परत पाण्यात सोडतो. म्हणून नायट्रोजन दोन टप्प्यांत सोडावा: एकदा तासभर, मग बाटली बंद करून रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा तासभर. मीटरवर ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या खाली आल्याशिवाय पुढे जाऊ नये.

हायड्रोजन पेरॉक्साइड घालून डोस कमी करण्याची युक्ती साध्या सांडपाण्यात चालते. इथे ती फसते. कार्बन पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतो, म्हणजे पैसे देऊन आपण नको असलेला ऑक्सिजन विकत घेतो.

किरणांत ठेवणे

डोसचे टप्पे ०, १०, २५, ५० आणि १०० किलोग्रे ठेवावेत. तासाला ५ किलोग्रे दराने शेवटचा नमुना २० तास आत राहील. इथे एक साधी गोष्ट बहुतेकांकडून सुटते: सगळ्या नमुन्यांचा अल्कलीतला एकूण काळ सारखा हवा. १० किलोग्रेचा नमुना दोन तासांत बाहेर काढून लगेच तपासला आणि १०० चा वीस तासांनी, तर त्या अठरा तासांत नुसत्या अल्कलीनेच बराच माल बाहेर आलेला असतो आणि त्याचे श्रेय किरणांना मिळते. लवकर बाहेर काढलेली बाटली त्याच तापमानाला, नायट्रोजनखाली, उरलेला वेळ ठेवावी.

तुलनेचे नमुने चार: माल बसवलेला पण किरण न दिलेला; कोरा कार्बन, किरण दिलेला; कार्बनशिवाय नुसते क्लोरोफिनॉलचे द्रावण, किरण दिलेले; आणि माल बसवलेला, अल्कलीत तितकाच वेळ हलवलेला, किरणांशिवाय. शेवटचा नमुना वगळला तर पूर्ण चाचणी व्यर्थ.

बाटली घट्ट बंद करू नये. पाणी फुटताना हायड्रोजन निघतो. ५० किलोग्रेला एक किलो पाण्यातून साधारण ५५ मिली. लहान बाटलीत तो थोडा वाटतो, पण वरची मोकळी जागा लहान असेल तर दाब आणि हवेत ४ टक्क्यांच्या पुढे गेल्यास पेट घेण्याचा धोका, दोन्ही आहेत. झाकणातून बारीक सुई घालून नायट्रोजनची संथ धार चालू ठेवणे उत्तम. स्लरीही त्याने ढवळत राहते. नळी आत नेण्याची सोय चेंबरमध्ये असते.

मोजमाप: पाणी स्वच्छ दिसणे म्हणजे यश नव्हे

किरणांनंतर वरच्या पाण्यात क्लोरोफिनॉल सापडले नाही, म्हणून ते नष्ट झाले असे लिहिलेले अहवाल पुष्कळ आहेत. कार्बनच्या सान्निध्यात पाणी स्वच्छ असणे ही बातमीच नाही; कार्बन त्यासाठीच असतो.

कार्बन गाळून मिथेनॉल आणि मग डायक्लोरोमिथेनने सॉक्सलेटमध्ये उतरवावा आणि अर्क एचपीएलसीवर तपासावा. इथेही एक खोच आहे. फिनॉल जातीचे रेणू ऑक्सिजन असताना कार्बनच्या पृष्ठावर एकमेकांना जुळून मोठे, न सुटणारे रेणू बनवतात. अर्कात ते येत नाहीत आणि ‘नाहीसे’ झाल्यासारखे दिसतात. प्रत्यक्षात ते छिद्रे बुजवून आत बसलेले असतात.

क्लोरीनवाला रेणू निवडल्याचा फायदा इथे मिळतो. १० मिलिग्रॅम ४-क्लोरोफिनॉलमध्ये २.७६ मिलिग्रॅम क्लोरीन असते. किरणांनंतर पाणी आणि दोन वेळचे धुणे एकत्र करून १०० मिली केले, तर रेणू पूर्ण मोडल्यास क्लोराइड २७.६ मिलिग्रॅम प्रतिलिटर यायला हवे. कोऱ्या कार्बनमधूनही थोडे क्लोराइड सुटते, ते वजा करावे. समजा अर्कानुसार ९० टक्के माल गेला आणि क्लोराइड फक्त १३.८ आले. म्हणजे क्लोरीन निम्म्याच रेणूंवरून सुटले. उरलेले ४० टक्के क्लोरीनसह कुठेतरी आहेत, बहुधा जुळलेल्या रेणूंत किंवा क्लोरोकॅटेकॉलमध्ये. अशा वेळी आधी ऑक्सिजन तपासावा.

रंगाकडेही लक्ष ठेवावे. मधल्या डोसला, साधारण पहिल्या दोन टप्प्यांत, वरचे पाणी चहाच्या रंगाचे झाले तर हायड्रोक्विनोन आणि बेंझोक्विनोन तयार झाले आहेत असे समजावे. ही संयुगे फिनॉलपेक्षा जास्त विषारी आहेत. पैसे वाचवायला इथेच डोस थांबवणे हे काहीच न करण्यापेक्षा वाईट. आणखी डोस दिल्यावर रंग फिका होतो, रेणू तुटून फॉर्मिक, ऑक्झॅलिक अशी लहान आम्ले होतात आणि पीएच उतरतो. पीएच ९ च्या खाली आला तर माल पाण्यात उतरणे मंदावते. मोठ्या चाचणीत मध्येच अल्कली घालावी लागते.

कार्बन पुन्हा वापरण्याजोगा झाला का, हे आयोडीन नंबरने पटकन कळते. पद्धत आयएस ८७७ मध्ये आहे. चांगल्या करवंटीच्या कार्बनचा आकडा दर ग्रॅमला ९०० ते १,१०० मिलिग्रॅम असतो. आधी कार्बन उदासीन होईपर्यंत धुवावा. दाण्यात अल्कली राहिली तर ती आयोडीन खाते आणि आकडा फुगतो. खरी परीक्षा मात्र त्याच प्रदूषकाचे पुन्हा शोषण करून घ्यावी: कोऱ्या कार्बनच्या किती टक्के. वीस-पन्नास किलोग्रेच्या डोसने कार्बनची छिद्ररचना फारशी बदलत नाही, पृष्ठावरचे ऑक्सिजनगट मात्र बदलतात. म्हणून एखाद्या रेणूसाठी शोषण घटते, दुसऱ्यासाठी तेवढे घटत नाही.

पीफास असेल तर

पीफासचा कार्बन-फ्लोरीन बंध हायड्रॉक्सिल रॅडिकलला जुमानत नाही. सगळा भार जलयोजित इलेक्ट्रॉनवर येतो. त्यामुळे अल्कली आणि ऑक्सिजनमुक्त पाणी इथे पर्याय नसून अट आहे, आणि डोस शेकडो किलोग्रेत जातो. अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या इलेक्ट्रॉन बीम केंद्रात यावर काम चालू आहे. एक धोका ध्यानात ठेवावा: लांब साखळी तुटून आखूड साखळीचे पीफास बनतात, ते कार्बनला कमी चिकटतात आणि धुण्याच्या पाण्यात निसटतात. फ्लोराइडचा ताळा बसल्याशिवाय ते पाणी बाहेर सोडू नये.

मोठ्या प्रमाणावर: इलेक्ट्रॉन बीम

गॅमा चेंबरमध्ये टन उरकत नाहीत. खारघरच्या इलेक्ट्रॉन बीम सेंटरमध्ये आणि इंदूरला १० एमइव्हीचे प्रवेगक आहेत. मात्र वाशीचे मसाल्यांचे किंवा लासलगावचे कांद्याचे किरण-प्रक्रिया केंद्र या कामाला विचारूही नये. अन्नाच्या ओळीवर रासायनिक कचरा चालत नाही.

१० एमइव्हीचा बीम एका बाजूने वापरण्याजोगा सुमारे ३.३ ग्रॅम प्रतिचौरस सेंमी इतकाच आत जातो. निथळलेल्या ओल्या कार्बनची घनता १ च्या जवळ धरली तर ट्रेमध्ये थर ३ सेंमी. पाचचा थर घातला तर वरचा भाग मोडतो, खालचा जसाच्या तसा राहतो, आणि सरासरी नमुना ‘६० टक्के यश’ दाखवतो.

उरकाचा हिशेब असा: १० किलोवॅटचा बीम, त्यातला निम्मा मालात उतरतो असे धरले, तर ५ किलोजूल प्रतिसेकंद. ५० किलोग्रेसाठी ०.१ किलो प्रतिसेकंद, म्हणजे तासाला ३६० किलो ओला माल, त्यात कोरडा कार्बन १८०. वीस तास चालवल्यास दिवसाला ३.६ टन. विजेचा खर्च यात फारसा बोचत नाही. प्रवेगक, कवचाच्या जाड काँक्रीट भिंती आणि माणसे यांचा भांडवली खर्च बोचतो. भट्टीत ८०० ते ९०० अंशांना पुनर्जीवन करताना दर फेरीला ५ ते १० टक्के कार्बन जळतो, तो इथे वाचतो. ती बचत भांडवलाला पुरते का, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे निघेल.

बीमखाली डोस काही सेकंदांत पडतो. ५० किलोग्रे एकदम दिले तर पाणी १२ अंशांनी तापते, कार्बन त्याहून जास्त. म्हणून १० किलोग्रेच्या पाच फेऱ्या कराव्यात, मध्ये माल उलथावा आणि पंधरा-वीस मिनिटे द्यावीत. ही विश्रांती थंड होण्यापेक्षा वेगळ्याच कारणाने महत्त्वाची आहे: छिद्रांतला माल पाण्यात उतरायला वेळ लागतो आणि बीम त्याच्यासाठी थांबत नाही. गॅमाने ५० किलोग्रेला मिळालेला निकाल बीमने एका दमात मिळत नाही, त्याचे मूळ इथे आहे. वर पाण्याचा पातळ थर राहील असे पाहावे. कोरडा भाग तापतो, बीममुळे हवेत ओझोन असतोच, आणि कार्बनची भुकटी पेट घेऊ शकते.

फिनॉल जातीचा माल असेल तर आमचे मत सरळ आहे: कार्बन बीमखाली नेऊच नये. तो स्तंभातच ठेवून २ ते ४ टक्के गरम कॉस्टिकने उतरवावा आणि ते द्रव पातळ धारेने बीमखालून न्यावे. पाण्याला इलेक्ट्रॉन बीम देण्याचा मोठा अनुभव जगाजवळ आहे. दक्षिण कोरियात दैगूच्या रंगकाम वसाहतीत १ एमइव्ही, ४०० किलोवॅटचा प्रवेगक दिवसाला १०,००० घनमीटर सांडपाण्यासाठी बसवला गेला होता. दाणे ट्रेमधून फिरवण्यापेक्षा पंप चालवणे केव्हाही सोपे.

परवाने आणि जीव सांभाळणे

गॅमा चेंबर असो की प्रवेगक, अणुऊर्जा नियामक मंडळाचा (एईआरबी) परवाना त्याच्या ई-लोरा पोर्टलवरून घ्यावा लागतो आणि प्रशिक्षित किरण सुरक्षा अधिकारी लागतो. टीएलडी बॅज (अंगावर पडलेला डोस नोंदवणारा बिल्ला) कपाटात नाही, छातीवर. बीमच्या खोलीत ओझोन ०.१ पीपीएमच्या खाली आल्याशिवाय कुणी शिरू नये.

वापरलेला कार्बन २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतो. औषधनिर्मितीचा असेल तर अनुसूची १ मधला २८.३ हा क्रमांक लागतो. तो बाहेरच्या केंद्रात पाठवताना फॉर्म १० चे मॅनिफेस्ट हवे आणि पुनर्वापर करायचा असेल तर नियम ९ खाली राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी.

किरणांहून अधिक जवळचा धोका मात्र कार्बनच्या टाकीत असतो. ओला कार्बन बंद जागेतल्या हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो. वास नाही, धूर नाही. आत उतरलेला माणूस काही क्षणांत कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. टाकीत, ड्रम ठेवलेल्या बंद खोलीत किंवा कंटेनरमध्ये शिरण्याआधी मीटरने ऑक्सिजन मोजावा, १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर शिरू नये. आपण त्यातून आधीच नायट्रोजन सोडलेला असतो, हे विसरू नये.

किती फेऱ्या

तोच कार्बन भरणे, किरण देणे, धुणे असे किमान पाच वेळा करून दर फेरीची शोषणक्षमता नोंदवावी. पहिल्या फेरीनंतर घट होणे अपेक्षित आहे: घट्ट बसलेला थोडा माल कायमचा आत राहतो. त्यानंतर आकडा स्थिरावला तर पद्धत चालते. दर फेरीला तो तसाच घसरत राहिला तर रेणू जुळून छिद्रे बुजत आहेत. नायट्रोजनचा टप्पा सुधारून पुन्हा पाच फेऱ्या घ्याव्यात. तरीही घसरण थांबली नाही तर तो कार्बन तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीच्या घातक कचरा केंद्राकडे पाठवावा. धुण्याचे पाणी उदासीन करून, सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचे माप) तपासून, सांडपाणी प्रक्रियेच्या टाकीत थोडेथोडे सोडावे. एकदम सोडल्यास त्यातल्या फॉर्मिक आम्लाने नव्हे, पण उरलेल्या क्विनोनने टाकीतले जिवाणू मरतात.